सांताच्या गाडीची चाके मोजावीत का?

वाचकांचे प्रश्न : छोट्या गाड्यांचा छंद

डिसेंबर उजाडला की ग्वाल्हेरकरांना मेळ्याचे वेध लागतात आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूरही पालटतो. एरवी रुळांचे सांधे, मोटारींचे कार्बन आणि डब्यांची वजने यांविषयी विचारणारे वाचक सणासाठी रंगवलेल्या गाड्यांवरून वाद घालू लागतात. अशा गाड्यांनी आपल्या मूळ गाडीपासून किती ढळावे, हाच या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय असल्यामुळे त्यांतली पाच येथे एकत्र घेतली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत, उत्तरे मात्र मला आवरता आलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या मुलाने अमेरिकेहून येताना नातवासाठी ‘पोलर एक्सप्रेस’चा (गोष्टीतल्या, मुलांना सांताकडे नेणाऱ्या गाडीचा) विजेवर चालणारा संच आणला. आमच्या ओळखीच्या एका छंदिष्ट गृहस्थांनी इंजिन हातात घेतले आणि हे ‘खोटे’ आहे, असा निकाल देऊन टाकला. चित्रपटातले इंजिन याहून लांब आहे, डबे तीनच दिले आहेत आणि रूळ दोनऐवजी तीन आहेत, ही त्यांची कारणे. नातू हिरमुसला. गाडी खरोखरच खोटी आहे का?
— एक आजोबा, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : ‘आखूड’ हा शब्द मला मान्य आहे, ‘खोटे’ हा नाही. या गाडीला एक सोडून तीन मुळे आहेत, त्यामुळे कोणत्या मुळाशी ताडून पाहायचे हे आधी ठरवावे लागते. पहिले मूळ म्हणजे ख्रिस व्हॅन ऑल्सबर्ग यांचे १९८५ सालचे चित्रपुस्तक आणि दुसरे म्हणजे त्यावरून २००४ मध्ये निघालेला चित्रपट. तिसरे मूळ, जे रेल्वेवेड्यांना सर्वांत जवळचे वाटते, ते म्हणजे पेरे मार्केट रेल्वेचे १२२५ क्रमांकाचे वाफेचे इंजिन. ते ओहायो राज्यातील लायमा येथील कारखान्यात १९४१ साली बांधले गेले, १९५१ मध्ये सेवेतून निघाले आणि आज मिशिगन राज्यात ओवोसो येथे चालत्या स्थितीत जतन केलेले आहे. चित्रपटातील इंजिन त्याच्याच आराखड्यांवरून उभे केले गेले आणि त्याचे आवाजही मुद्रित करून वापरले गेले. बारावा महिना आणि पंचविसावा दिवस, म्हणजे नाताळची तारीखच, या क्रमांकात योगायोगाने येऊन बसली आहे.

आता या तीन मुळांचे आपापसात कितपत जुळते ते पाहू. १२२५ हे इंजिन जलद मालगाड्यांसाठी घेतलेले होते. पुढे दोन, मध्ये आठ आणि मागे चार चाके अशी त्याची मांडणी असून तिला तिकडे ‘बर्कशायर’ म्हणतात. चित्रपटाने या मालगाडीच्या इंजिनामागे मुलांनी भरलेले प्रवासी डबे जोडले आणि पुढे गुरे हटवण्याची मोठी जाळी लावून दिली, जी खऱ्या इंजिनाला नाही. तेव्हा खेळणे ढळण्याच्या आधीच चित्रपट ढळलेला होता. आपल्या परिचितांनी चित्रपट प्रमाण मानून खेळण्याला खोटे ठरवले, पण ओवोसोच्या शेडमधला एखादा फिटर त्याच न्यायाने चित्रपटालाही खोटे ठरवील, आणि मग या साखळीला अंत राहणार नाही.

राहिला लांबीचा मुद्दा. टेंडरसह, म्हणजे मागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या गाडीसह, १२२५ची लांबी सुमारे १०१ फूट आहे. अमेरिकेत या आकाराच्या गाड्यांसाठी १:४८ हे प्रमाण धरतात, त्या हिशोबाने इंजिन आणि टेंडर मिळून २५ इंचांच्या थोडे वर, म्हणजे सुमारे ६४ सेंटिमीटर भरायला हवे. आपल्या संचाबरोबर जे गोल रूळ येतात त्यांच्या वर्तुळाचा व्यास बहुधा ३६ इंच असतो. एवढ्या तंग वर्तुळावर पूर्ण मापाचे इंजिन वळवू पाहिले, तर एक तर त्याचे पोट रुळाबाहेर लोंबेल किंवा पुढची चाके रूळ सोडतील. पूर्ण मापाची बर्कशायरही बाजारात मिळते, पण तिला याहून बरेच मोठे वर्तुळ लागते आणि तेवढी जागा घरातल्या बैठकीत सापडत नाही. म्हणून संचातले इंजिन आखूड केलेले असते. तीन डब्यांचेही हेच कारण आहे. ३६ इंच व्यासाच्या वर्तुळाचा परीघ साडेनऊ फुटांच्या आत येतो, त्यावर दहा डबे जोडले तर इंजिन आपल्याच शेवटच्या डब्याच्या पाठीला जाऊन भिडेल.

तिसरा रूळ हा तर जुना वारसा आहे. दोनच रूळ असतील आणि मार्ग वळसा घेऊन उलट दिशेने स्वतःलाच येऊन मिळाला, तर डावा रूळ उजव्याला जोडला जाऊन विजेचा प्रवाह खुंटतो. मध्ये तिसरा रूळ टाकला की ही अडचण उरत नाही आणि लहान मुलाने कसेही रूळ जोडले तरी गाडी चालते.

माझी कसोटी एवढीच आहे की मुळापासून घेतलेली सूट कोणाच्या सोयीसाठी घेतली. ती वळणासाठी, विजेसाठी किंवा मुलाच्या हातासाठी घेतली असेल, तर मी तिला दोष देत नाही. कारखानदाराने नवा साचा करण्याचा खर्च वाचवण्यासाठी घेतली असेल, तर देतो. नातवाच्या इंजिनाला आठ मोठी चाके आहेत का आणि ती सर्व दांड्यांनी जोडलेली आहेत का, हे एकदा त्याच्याचकडून मोजून घ्या. ती तशी असतील तर करणाऱ्याने मूळ पाहिले होते असे समजावे.

आणि त्या गृहस्थांसाठी एक बारकावा. या गाड्यांच्या रुळांतील अंतर ३२ मिलिमीटर असते. त्याला ४८ने गुणले तर १५३६ मिलिमीटर होतात, पण अमेरिकेतील खऱ्या रुळांतील अंतर १४३५ मिलिमीटर आहे. त्यांच्या कपाटात या मापाचे जे ‘अचूक’ इंजिन असेल, तेही प्रत्यक्षापेक्षा दहा सेंटिमीटर रुंद रुळांवर उभे आहे.

प्रश्न : आपण सणाच्या नावाखाली फार उदार होता, असे मला वाटते. यंदा बाजारात पाहिलेल्या एका नाताळच्या गाडीचे तोंड विजेच्या इंजिनाचे, त्यावर धुराडे, धुराड्यावर सांताची टोपी आणि आवाज छुकछुक. मी रिव्हेट मोजणाऱ्यांपैकी, म्हणजे प्रतिकृतीचा बारीकसारीक तपशील मुळाशी ताडून पाहणाऱ्यांपैकी आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. मुलांना लहानपणीच चुकीचे दाखवले, तर पुढे योग्य ते कसे ओळखणार?
— एक निवृत्त अभियंता, इंदूर

उत्तर : लाज वाटण्याचे काहीच कारण नाही. रिव्हेट मोजणारे नसते, तर कारखानदारांनी एकाच साच्यातून काढलेल्या इंजिनाला दर वर्षी नवा रंग फासून वेगवेगळ्या सणांना विकले असते, आणि तसे काही प्रमाणात होतच असते. पोलादी साचा महाग पडतो, त्यातून निघणारा प्लास्टिकचा सांगाडा अगदी स्वस्त असतो, त्यामुळे साचा जितकी वर्षे टिकेल तितकी वर्षे त्यातून माल काढत राहण्याकडे धंद्याचा कल असतो. आपण वर्णन केलेली गाडी याच प्रकारातली दिसते. विजेच्या इंजिनावर धुराडे बसवण्याने मुलाचीही सोय होत नाही आणि रुळाचीही होत नाही. हाताशी सांगाडा एक होता, आवाजाची चिप दुसरी होती आणि टोपी तिसरीकडून आली. टोपीवर माझा आक्षेप नाही. ती जानेवारीत काढून ठेवता येते, धुराडे मात्र काढता येत नाही.

पण आपल्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. भारतातील आपण सर्व जण, म्हणजे जे १:८७ प्रमाणातील गाड्या चालवतो ते, रोज एक मोठी चूक डोळ्यांआड करत असतो. या प्रमाणात १६.५ मिलिमीटरचे रूळ वापरतात, आणि ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या मार्गाशी तंतोतंत जुळतात. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची आहे, म्हणून आपल्या इंजिनाखाली १९ मिलिमीटरहून थोडे अधिक अंतराचे रूळ हवेत. तसे रूळ आणि त्यांवर बसणारी चाके दुकानात मिळत नाहीत, म्हणून आपण राजधानीच्या इंजिनाला विलायती रुळांवर उभे करतो आणि त्याचे पाय जवळ आलेले दिसू नयेत म्हणून जरा वरून फोटो काढतो. एवढी सवलत स्वतःला दिल्यावर एखाद्या सहा वर्षांच्या मुलाच्या टोपीवाल्या इंजिनापुढे आवाज चढवणे मला तरी जमत नाही. इकडे ग्वाल्हेरला आमची अवस्था याच्या नेमकी उलट आहे. ग्वाल्हेर ते श्योपूर ही २०२०पर्यंत चाललेली नॅरोगेज ६१० मिलिमीटरची होती. तिची प्रतिकृती करणारा १:७६ प्रमाण घेतो आणि ९ मिलिमीटरचे तयार रूळ वापरतो, त्यामुळे त्याची गाडी ६८४ मिलिमीटरच्या मार्गावर धावू लागते, म्हणजे खऱ्यापेक्षा ऐसपैस.

तेव्हा मुलाला चुकीचे दाखवू नये, हे खरे असले तरी ते दाखवण्याची रीत वेगळी असू शकते. त्याला त्याची गाडी खेळू द्या आणि रविवारी स्टेशनवर नेऊन धुराडे कुठे आहे ते शोधायला सांगा.

प्रश्न : जयविलास राजवाड्यातील जेवणाच्या टेबलावरची चांदीची गाडी आम्ही पाहुण्यांना नेहमी दाखवतो. या वेळी पाहुण्यांच्या मुलीने विचारले की ती कोणत्या खऱ्या गाडीची प्रतिकृती आहे. उत्तर देता आले नाही.
— एक वाचक, मोरार, ग्वाल्हेर

उत्तर : मुलीने बरोबर ठिकाणी बोट ठेवले आहे, कारण तिने प्रतिकृती समजून पाहिले तर त्या गाडीत सर्वच चुकीचे दिसेल. ती मेजवानीचे भांडे आहे. भोजन झाल्यावर मद्य आणि सिगार पाहुण्यांपुढे फिरवणे, हे तिचे काम होते. त्यामुळे डबे कशासारखे असावेत याचा निर्णय डब्यांत ठेवायच्या काचेच्या सुरयांनी केला आणि मार्ग कसा असावा याचा निर्णय टेबलाने केला. राजवाडा दाखवणारे सांगतात की सुरई उचलली की गाडी थांबते आणि परत ठेवली की पुढे निघते. असे करणारी खरी रेल्वे जगात कुठे असेल, तर प्रवासी तिला डोक्यावर घेतील.

तरीही या गाडीत आगगाडीपण पुरेपूर उतरले आहे, आणि त्याचे कारण मालकाच्या वेडात आहे. ग्वाल्हेरचे त्या काळचे महाराज माधवराव शिंदे यांना आगगाड्यांचा मनापासून नाद होता. ज्या नॅरोगेजचा उल्लेख वर आला, ती दोन फुटी गाडी त्यांच्याच संस्थानाची. ज्याने खरे रूळ टाकून घेतले, त्याने टेबलावरही रूळच टाकले, ट्रॉली फिरवली नाही. सणावारी किंवा मेजवानीसाठी केलेल्या गाडीने मुळापासून दूर जायचे असेल तर कसे जावे, याचा यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही. तिथे प्रत्येक सूट कामासाठी घेतलेली आहे आणि खर्च वाचवण्याचा प्रश्न तर चांदीत उद्भवतच नाही. मुलीला सांगा की ती खऱ्या गाडीची नक्कल नाही, ती स्वतःच एक खरी गाडी आहे, फक्त तिचे प्रवासी बाटलीतले आहेत. (हे दुसरे वाक्य तिच्या आईवडिलांना विचारून सांगावे.)

प्रश्न : माझ्या मुलाने दिवाळीत अंगणात किल्ला केला आणि मावळे मांडून झाल्यावर मामाने दिलेली नाताळची गाडी किल्ल्याभोवती फिरवली. डब्यांवर बर्फ आणि हरणे रंगवलेली आहेत. सासऱ्यांना ते मुळीच आवडले नाही. शिवकाळात आगगाडी कुठून आली, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही, पण मुलाने गाडी काढायला नकार दिला. पुढच्या वर्षीसाठी तोडगा सुचवावा.
— एक गृहिणी, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आपले सासरे इतिहासाच्या बाजूने आहेत. आपल्या देशात पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, म्हणजे शिवराज्याभिषेकानंतर जवळजवळ १८० वर्षांनी. परंतु दिवाळीचा किल्ला हा प्रकारच मुळात मापात बसणारा नव्हे. सिंहासनावरील महाराज बुरुजापेक्षा उंच असतात, पायथ्याची गवळण दरवाजात मावत नाही, हळीव उगवून आलेले रान तटाच्या वर जाते, आणि आमच्या लहानपणी तर प्रत्येक किल्ल्याच्या पायथ्याशी शिट्टी वाजवणारा एक वाहतूक पोलीस हमखास उभा असे. त्याला कोणी हटवल्याचे मला आठवत नाही. किल्ल्यावर जे जे आवडते ते ते मांडायचे असते.

तरीही तोडगा हवाच असेल, तर तो आपल्या बडोद्यातच आहे. गायकवाडांच्या संस्थानात १८६२ मध्ये मियागाम ते डभोई असा अडीच फुटी रुळांचा मार्ग टाकला गेला आणि आरंभी त्यावरचे डबे चक्क बैल ओढत होते. पुढच्या दिवाळीला मुलाने इंजिन काढून ठेवावे आणि पहिल्या डब्याला मातीच्या बैलांची जोडी जुंपावी. शिवकाळ साधणार नाही, पण दोन शतकांची चूक थोडी कमी होईल आणि आजोबांना नातवाला काहीतरी सांगायला मिळेल. बैल स्वतः चालणार नाहीत, तेव्हा मोटर मागच्या डब्याखाली बसवून तिच्याने पुढचे सारे ढकलावे लागेल. वेग अगदी कमी ठेवावा, नाहीतर पहिल्याच वळणावर बैल आडवे होतील. हरणे आणि बर्फ यांना हात लावू नये. मामाने दिलेली गाडी आहे.

प्रश्न : नातीच्या वाढदिवसाला एक काळे वाफेचे इंजिन घेतले आहे. तिचा वाढदिवस नाताळच्या आठवड्यात येतो. तिला आवडावे म्हणून ते गुलाबी रंगवून वर चांदण्या काढण्याचा विचार आहे. यात काही गैर आहे का? आणि रंग कोणता वापरावा?
— एक आजी, महाराज बाडा, ग्वाल्हेर

उत्तर : गैर काहीच नाही, पण रंगवण्याआधी नातीला विचारा, आणि हे मी शिष्टाचार म्हणून सांगत नाही. अमेरिकेतील लायोनेल या जुन्या कंपनीने १९५७ मध्ये खास मुलींसाठी एक संच काढला होता, त्यात इंजिन गुलाबी आणि डबे फिक्या, गोड रंगांचे. तो विकलाच गेला नाही. ज्या मुलींना गाड्यांची आवड होती त्यांना भावांसारखीच खरी दिसणारी काळी गाडी हवी होती, आणि ज्यांना आवड नव्हती त्यांना गुलाबी इंजिनही नको होते. दुकानांत पडून राहिल्यामुळेच तो संच पुढे दुर्मीळ झाला, संग्राहक त्यासाठी भरपूर पैसे मोजू लागले आणि काळ्या इंजिनांना गुलाबी रंग देऊन फसवणारेही निघाले. मुळापासून ढळण्याला मोठी माणसे आक्षेप घेतात आणि मुलांना त्याचे काही नसते, असे आपण धरून चालतो. या एका संचापुरते तरी ते उलटे ठरले.

नातीने काळेच हवे म्हटले, तर चांदण्या डब्यांवर काढा. तिने गुलाबी म्हटले, तर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग घ्या आणि दाट एका हाताऐवजी पातळ दोन-तीन हात द्या, म्हणजे रिव्हेट बुजणार नाहीत. रंगवण्यापूर्वी सांगाडा काढून साबणाच्या कोमट पाण्याने धुवावा, कारण त्यावरचा तेलकटपणा रंगाला धरू देत नाही. चाकांच्या कडा, त्यांना जोडणारे दांडे आणि खालच्या बाजूला रुळांवरून वीज घेणाऱ्या पट्ट्या यांना रंगाचा थेंबही लागू देऊ नका. तो लागला तर इंजिन सुंदर दिसेल आणि जागचे हलणार नाही. टेंडर तूर्त काळेच राहू द्यावे, कोळसा कुठे ठेवला आहे हे नातीला शोधता यायला हवे.